नावेतली मागची जागा

आमच्या क्लबात मला सगळे ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येतं. मी गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि तो मी नको तिथे दाबते अशी शिकणाऱ्यांची तक्रार असते. क्लबातही माझं तेच काम. सुरक्षा आणि शिस्त हे खातं माझ्या गळ्यात पडलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. वाईटपणा घ्यायला लागतो ना!

क्लब म्हणजे काय, तर नदीकाठी पत्र्याची शेड, लाकडी धक्का आणि शेडमध्ये पालथ्या घालून ठेवलेल्या काही अरुंद नावा. त्यांना आम्ही कनू म्हणतो. कनूत दोघं बसतात, एकामागे एक. पुढच्याने फक्त वल्हं मारायचं. मागचा वल्हंही मारतो, दिशाही सांभाळतो आणि मधूनमधून ‘बदल!’ म्हणून ओरडतो. तो ओरडला की दोघांनी वल्ह्याची बाजू बदलायची. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, कारण बघितलं की नाव कलंडते. शेडच्या भिंतीवर हे मी लाल रंगात लिहून ठेवलंय. त्याखाली लिहिलंय, एकट्याने पाण्यात जायचं नाही. तरंगायच्या जॅकेटशिवाय नाही. नारिंगी पिंपांच्या पलीकडे तर मुळीच नाही.

पिंपांचं सांगायला हवं. पुढे बंधारा आहे आणि नदी त्याच्यावरून खाली पडते. वरच्या बाजूने बघितलं तर पाणी अगदी गरीब दिसतं. पण बंधाऱ्याजवळ ते ओढतं, आणि एकदा ओढायला लागलं की वल्ह्याचं काही चालत नाही. म्हणून बऱ्याच अलीकडे एका जाड दोरीला नारिंगी पिंपं बांधून ती या काठापासून त्या काठापर्यंत सोडली आहेत. माणसाला समजावं एवढ्यासाठीच ती आहेत. मनात आणलं तर दोन पिंपांमधून कनू सहज निसटते.

एका सकाळी क्लबाच्या अध्यक्षांनी मला शेडच्या दारातच गाठलं. ते दंतवैद्य आहेत.

“बाई, एक बोलायचं होतं. रागावू नका.”

“तुम्ही बोला, रागवायचं की नाही ते मी बघते.”

“काल संध्याकाळी तुम्ही आणि तुमची बहीण पिंपांना अगदी टेकला होतात. मी नदीपलीकडच्या रस्त्याने घरी निघालो होतो. आता नियम करणाऱ्यांनीच असं केल्यावर—”

“काल? काल संध्याकाळी मी इकडे फिरकलेसुद्धा नाही हो.”

ते हसले. दुखणार नाही असं सांगताना हसतात, तसंच. “तुमचा आवाज काय लपतो होय? ‘बदल, बदल’ चाललं होतं. मी हाक मारली, पण दोघींपैकी कुणी बघितलं नाही.”

काल संध्याकाळी मी परीक्षेच्या मैदानावर होते. माझ्या एका शिकाऊने गाडी मागे घेताना परीक्षकांची खुर्ची आडवी केली होती, आणि मी अर्धा तास त्यांची मनधरणी करत होते. साक्षीला हवी तेवढी माणसं होती. त्यामुळे माझा पहिला संशय दंतवैद्यांवरच. हे खातं त्यांना आता मेहुणीला द्यायचंय हे मला ठाऊक होतं. पण माणूस तसा खोटारडा नाही. मग दुसरा संशय आला, आणि तो मला अजिबात आवडला नाही. धाकटी माझ्या नावावर कुणाला तरी घेऊन जात होती.

धाकटी म्हणजे माझी बहीण. ती आणि तिचा नवरा चष्म्याचं दुकान चालवतात आणि दुकानाच्या वरच राहतात. आई गेली तेव्हा ही फ्रॉकात होती. तिच्या वेण्या मी घातल्या, रस्ता ओलांडताना तिचा हात मी धरला. अजूनही माझ्याबरोबर असली की मी ‘चल’ म्हटल्याशिवाय ती फुटपाथ सोडत नाही. एवढी बाई झाली तरी! तिच्याशिवाय मला जवळचं असं कुणी नाही. हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर डोक्यावर बसली असती.

मी तडक दुकान गाठलं. ती एका म्हाताऱ्यांच्या चष्म्याची दांडी वाकवून बघत होती. ते गेल्यावर विचारलं, “काल नावेत कुणाला घेऊन गेली होतीस?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! मागे कोण होतं?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “तू होतीस ताई.”

“धाकटे, मस्करी पुरे.”

“मस्करी तू करतेयस. तूच नाव धरून उभी होतीस धक्क्याशी. मी पुढे जाऊन बसले, तू ढकललीस.”

“माझं तोंड बघितलंस?”

तिने पुसायचं फडकं उचललं. “तू वाकली होतीस. आणि नावेत बसल्यावर मागे कोण बघतंय? मान वळली की तूच खेकसतेस.”

“आणि उतरल्यावर?”

“तू म्हणालीस, हो पुढे, मी नाव ठेवून येते. दरवेळी म्हणतेस तसं.” तिने काच पुसून उजेडात धरली. “खरं सांगू? हल्ली पाण्यावर तू फार छान बोलतेस. ओरडत नाहीस. मला आवडतं.”

“हल्ली म्हणजे? कितीदा गेलीस?”

“हे काय विचारणं झालं? आपण जवळजवळ रोज जातोय.”

मी गेल्या पंधरवड्यात धाकटीबरोबर एकदाही नावेत बसले नव्हते.  पण माझं डोकं ठिकाणावर होतं. आवाजाची नक्कल करणारी माणसं असतात. माझी नक्कल तर निम्मा क्लब करतो, आणि मी आले की गप्प होतो. कुणीतरी माझ्या भोळ्या बहिणीला बनवत होतं आणि हळूहळू पिंपांकडे नेत होतं. कशासाठी, ते त्यालाच विचारणार होते मी, कानाला धरून.

त्याच दिवशी शेडला नवं कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. धाकटीला काही बोलले नाही. संध्याकाळी पलीकडच्या रस्त्यावर झाडाखाली गाडी लावून बसले. क्लबात जो कुणी माझी वाट बघत असेल, त्याला मी दिसणार नव्हते.

उन्हं उतरली होती, पण उजेड चांगला होता. कनू वळणावरून आली. पुढे धाकटी होती. तिचं पिवळं जॅकेट, डोक्यावर टोपी, आणि तीच ती शाळकरी मुलीसारखी ताठ पाठ.

मागे कुणी नव्हतं.

मी काच खाली केली, चष्मा पुसला. मागची जागा रिकामी होती. म्हणजे एकटीच जात होती तर! माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. मी दार उघडलं आणि तशीच थांबले.

नाव सरळ होती. ज्याने एकदा तरी कनू चालवलीय त्याला हे सांगायला नको. एकटं माणूस पुढे बसलं की नावेचं नाक पाण्यात जातं आणि शेपूट वर येते. ही नाव टोकापासून टोकापर्यंत पाण्यावर सपाट बसली होती. धाकटी वल्हं मारी त्या बाजूला एक भोवरा उठे, आणि थोडा मागे आणखी एक. मग तिने वल्ह्याची बाजू बदलली. दोन्ही भोवरे दुसऱ्या बाजूला उठायला लागले.

‘बदल’ असं मला काही ऐकू आलं नव्हतं.

नावेचं नाक दोन पिंपांच्या मधे गेलं, तेव्हा मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. धाकटीने मान वळवली नाही. पण नाव थांबली. मग मागच्या टोकाने फेर धरून ती सावकाश माघारी वळली. मी वळवते अगदी त्याच पद्धतीने.

मी पूल ओलांडून धक्क्यावर पोचले तोवर ती वर येत होती. “अगं, तू इकडून कशी? आत्ता तर मागे होतीस!” कनू धक्क्याला बांधलेली होती. मागच्या जागेवर पाणी साचलं होतं, कुणीतरी ओल्या कपड्यांनी बसून उठल्यासारखं. शेडचं कुलूप जसंच्या तसं होतं. मी पर्समधली किल्ली दोनदा चाचपून बघितली.

घरी जाऊन खूप विचार केला. डोळे तपासून घ्यावेत असंही वाटलं, धाकटीच्या नवऱ्याकडूनच. शेवटी एक साधी गोष्ट सुचली. मागची जागा मी धरली तर दुसऱ्या कुणाला जागाच उरणार नाही. तिला नुसतं ‘जाऊ नको’ म्हणून उपयोग नव्हता, कारण तिच्या मते ती माझ्याबरोबरच जात होती.

दुसऱ्या दिवशी मी आधी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. “बघ माझ्याकडे. नीट बघ.”

“बघितलं. कंगवा फिरवला नाहीयेस.”

तिच्या जॅकेटचे पट्टे मी ओढून बघितले, माझे तिला ओढायला लावले. ती पुढे बसली, मी मागे. पाणी शांत होतं. मी ‘बदल’ म्हटलं, तिने बाजू बदलली. पुन्हा म्हटलं, पुन्हा बदलली. हळूहळू माझा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी आम्ही दोघी अशा बसलो होतो! ती काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं, उगाच आपण इतकी वर्षं हिच्यावर ओरडत आलो.

पिंपं लांबवर दिसायला लागली. मी माघारी फिरायचं ठरवलं. वल्हं पाण्यात तिरकं धरलं.

“बदल.”

मी बोलले नव्हते.

धाकटीने बाजू बदलली.

आवाज माझ्या पाठीमागून आला होता. माझ्या मागे फक्त नावेचं टोक होतं, धड एक पिशवीही मावणार नाही एवढं. आवाज माझाच होता. पण मऊ होता. मला तसं बोलता येत नाही.

नावेची मागची बाजू खाली गेली. माझ्या मांडीला पाणी लागलं.

“धाकटे, थांब. वल्हं वर घे.”

“चल,” मागून आवाज आला. “आणखी थोडं.”

ती वल्हवत राहिली. “ताई, एक काय ते सांग! एकदा थांब म्हणतेस, एकदा चल म्हणतेस.”

मला मागे वळता आलं नाही. नियम म्हणून नाही. भीतीने मान आखडली होती. हे सांगायची लाज वाटत नाही मला.

पिंपं आली. मी वल्हं सोडून दिलं आणि दोन्ही हातांनी दोरी पकडली. नाव पुढे ओढत होती, खांदे निखळतील असं वाटलं. मी दोरी धरून धरून नाव आडवी काठाला आणली. तळहातांची सालपटं निघाली. नाव चिखलात रुतली तेव्हा कुठे धाकटीने मागे वळून बघितलं.

“मागे कोण होतं?” मी विचारलं.

“तू.”

“आणि माझ्या मागे?”

“तुझ्या मागे जागा कुठे आहे ताई?” मग माझे हात बघून ती रडायलाच लागली.

मी अध्यक्षांना बंधाऱ्याची दुरुस्ती, पाण्याची ओढ, काय वाटेल ते सांगितलं. नावा साखळदंडाने बांधल्या, क्लबाला टाळं लागलं. दंतवैद्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. धाकटीच्या नवऱ्याला बजावलं, तिला नदीवर जाऊ द्यायचं नाही, मी सांगितलं तरी नाही. तो गोंधळून हो म्हणाला. धाकटीने माझ्या हाताला मलम लावलं आणि शपथ घेतली. “नाही जाणार. कितीही ओरडलीस तरी नाही.”

त्यानंतर सगळं शांत झालं. मी पुन्हा पोटभर जेवायला लागले.

आज दुपारी एका नव्या शिकाऊला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गियर शिकवत होते. फोन वाजला. धाकटीचा नवरा होता. मी गाडी बाजूला घ्यायला लावली.

“ताई, आता बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“मला काय झालंय?”

“धाकटी आहे ना तुमच्याबरोबर? तिचा फोन इथेच राहिला, म्हणून तुम्हाला केला. मघाशी दुकानात गिऱ्हाईक होतं, मला बाहेर येता आलं नाही. तुम्ही जिन्याखालून हाक मारलीत तेव्हा ती जेवत होती.”

मी शिकाऊला खुणेनेच उतरायला सांगितलं.

“तिने तुमच्या ओरडण्याकडे लक्ष दिलं नसतं हो, तसं तिने मला सांगून ठेवलं होतं. पण तुम्ही रडत होतात. ती म्हणाली, ताई रडतेय, आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय मी. ताट तसंच टाकून, चपला न घालता धावली.”