गार बॉयलरवरचा काटा

दीक्षाच्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नाही.

"काका, त्या दुपारी बाबांनी दाब बरोबर सांगितला होता का? एवढंच कळवा."

तिचे बाबा म्हणजे जयसिंग. पेठ वडगावजवळच्या साखर कारखान्यात तो वर बॉयलरवर असायचा, मी खाली मीटरच्या खोलीत.

पुढचं खरंच घडलंय. माझ्या म्हाताऱ्या कानांवर माझाच भरवसा नाही, पण झाडलोट करणारी बनाबाई तिथं होती.

आमचा वाफेचा मीटर वीसच्या दाबावर लावलेला. दाब उतरला की तो वाफ जास्त दाखवायचा. दाबाचा काटा वर बॉयलरवर, माझ्या खोलीतून दिसायचा नाही. म्हणून जयसिंग दर तासाला वरून दाब ओरडून सांगायचा. मी तोच आकडा परत ओरडायचो आणि हिशेब करून खरी वाफ वहीत लिहायचो.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी तो ओरडला, "पंत, सोळा!"

मी पुस्तकात गुंतलो होतो. नुसतं "हं" म्हणालो. सवयीनं वीस लिहिले. मीटरवर पन्नास टन वाफ होती, तेवढीच उतरवली. खरी होती पंचेचाळीस.

वापरलेली वाफ पंचेचाळीसच भरली, मग पाच टन वाफ गेली कुठं, अशी चौकशी झाली. झडप उघडी ठेवल्याचा ठपका ठेवून जयसिंगला काढलं. मी गप्प बसलो. वर्षभरात तो गेला.

गेल्या मेमध्ये जुन्या वह्या काढून द्यायला मला कारखान्यात बोलावलं. उसाचं गाळप कधीच संपलेलं, बॉयलर विझलेला. दुपारचे तीन. बाहेर बनाबाई झाडत होती.

वही उघडली. नेमकं तेच पान...

वर काट्याच्या काचेवर टिचकी वाजली. मग दुसरी.

जयसिंग दाब बघण्याआधी अशाच दोन टिचक्या मारायचा.

"पंत... सोळा!"

मी वही मिटली.

बनाबाई दारात आली. "पंत, वर कोन चढलंय? जिन्याला तर कुलूप हाय की!"

"तुम्हालाही ऐकू आलं?"

"बहिरी हाय व्हय मी? आनि त्यो काटा बघा..."

मी दाराबाहेर येऊन वर पाहिलं.

विझलेल्या, गार बॉयलरवर... सोळा.

पुन्हा हाक आली. या वेळी जिन्याच्या खालच्या पायरीवरून.

"सोळा!" मी ओरडलो. आवाज चिरकला.

काटा हळूहळू शून्यावर आला.

बनाबाईनं झाडू तिथंच टाकला. "चला भायेर. आनि कुनाला सांगू नगा, मला हितं रोज यायचं असतंय."

वाटलं, सुटलो.

पण आता शिवाजी पेठेतल्या माझ्या खोलीत रोज तीन वाजता हाक येते. आकडा नाही. नुसतं... "पंत."

काल लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, "दीक्षा, तुझे बाबा बरोबर होते. चूक माझी. वाफ कधी हरवलीच नव्हती. हे पत्र कारखान्यात दाखव, कुणालाही दाखव."

आज पोस्टाच्या पेटीत पाकीट सोडलं.

आत पडल्याचा आवाज मात्र आला नाही... आल्या त्या दोन टिचक्या.