खांब सातव्यांदा पडला

"सूड घ्यायचा तर नीट घ्यायचा!" टाचणी म्हणाली. "मिनिटासकट लिहून!"

लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिघांची बैठक भरली होती, आणि तीही इस्त्रीच्या टेबलाखाली. वर चिमटीची आई शर्टांवर पाणी शिंपडत होती. इस्त्री टेकली की वाफेचा ढग उठायचा. लाँड्री आईची, म्हणून चिमटी मालकिणीच्या थाटात चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती. भोंग्याला हळू बोलता येत नसे. त्याच्या हातात आधीच एक उशीचा अभ्रा दिला होता. ओरडावंसं वाटलं की तोंडात कोंबायचा.

टाचणी बारा वर्षांची, अंगानं काडी आणि जिभेनं टोकदार. सुट्टीतल्या फुटबॉल स्पर्धेत संघाची वही तिच्याकडे असायची. कोणी किती वाजता गोल केला, कोण कुठून मारतो, सगळं त्यात. तिनं वही उघडली.

"साखळी फेरीत पलीकडच्या मैदानवाल्यांशी आपली मॅच. अठराव्या मिनिटाला आपण आपल्या स्ट्रायकरला, गोफणला, उजवीकडून आत आणलं. विसाव्या मिनिटाला त्यांचा गोलकीपर पडला. आजूबाजूला कोणी नव्हतं."

"वारा असेल," चिमटी म्हणाली.

"त्याचा गुडघा बघायला औषधांची बॅग घेऊन त्यांचा बॅगवाला आला. तेवढ्यात त्यांच्या टोपीवाल्या सरांनी सगळ्यांना कडेला बोलावून पाच मिनिटं शिकवणी घेतली. खेळ सुरू झाला तेव्हा गोफणच्या अंगावर दोघं! पुढे असंच आणखी दोनदा. आपण काही बदललं की खांब पडतो!"

त्या गोलकीपरला सगळे खांब म्हणत. तो होताच तसा, उंच आणि सरळ.

"पण दरवेळी तोच का?" चिमटीनं विचारलं.

"दुसरा कोणी पडला, तर औषधपाणी झाल्यावर त्याला थोडा वेळ बाहेर जावं लागतं. गोलकीपरला जावं लागत नाही, आणि त्याच्याशिवाय खेळही सुरू होत नाही. म्हणजे हवी तेव्हा सुट्टी!"

"लबाड कुठले!" भोंगा गरजला. वरून आईनं टेबलावर दोन थापा मारल्या. भोंग्यानं अभ्रा तोंडात घातला.

टाचणीनं पुढचं वाचलं नाही. ते तिघांनाही पाठ होतं. त्याच मॅचच्या चौपन्नाव्या मिनिटाला टाचणीचा दादा, आपला गोलकीपर, बॉलवर झेपावला होता. समोरच्याचा बूट त्याच्या बोटांवर पडला. दादा हात पोटाशी धरून कळवळला. पंच होते घड्याळकाका. खांबानं तीन वेळा फसवल्याचा संशय त्यांना नेमका तेव्हा आला. "ऊठ, पुरे झालं नाटक!" म्हणत त्यांनी शिट्टी वाजवलीच नाही. रिकाम्या जाळीत गोल झाला.

दादाची दोन बोटं मोडली होती.

प्लास्टर आता महिनाभर राहणार होतं. पण टाचणीला ते टोचत नव्हतं. मैदानाच्या ऑफिसबाहेरच्या फळ्यावर मॅचचा अहवाल लावला होता. त्यातली शेवटची ओळ अशी होती : 'गोलरक्षकाने दुखापतीचे नाटक करून वेळ घालवला. ताकीद.' येणारा-जाणारा ती वाचायचा. पोरं दादाला 'नाटक्या' म्हणू लागली होती. दादानं हातमोजे भोंग्याला देऊन टाकले. "मी परत गोलमध्ये उभा राहणार नाही," एवढंच तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

"मला ती ओळ खोडलेली हवी आहे," टाचणी म्हणाली. "आणि ती ज्याची आहे, त्याच्या नावावर लिहिलेली!"

आपला संघ फायनलला आधीच पोचला होता. पलीकडच्या मैदानवाल्यांची उपांत्य फेरी दोन दिवसांनी होती. तिघं त्यांच्या बाकामागच्या कठड्याला टेकून उभी राहिली. कामं वाटून घेतली होती. टाचणी खांबाकडे बघणार, चिमटी बाकाकडे आणि भोंगा कुठेही, फक्त गप्प.

एकतिसाव्या मिनिटाला खांब कोसळला. बॉल तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

"बघितलंस?" टाचणी म्हणाली.

"तू चुकीचं बघितलंस," चिमटी पुटपुटली. "तो पडायच्या *आधी* बॅगवाला उठला!"

"काय?"

"आणि बॅगवाला उठायच्या आधी सरांनी खांद्यावरचा पिवळा टॉवेल कठड्यावर टाकला."

टाचणीची पेन्सिल थांबली. खांब उठल्यावर सरांनी टॉवेल परत खांद्यावर घेतला. एकोणपन्नासाव्या मिनिटाला तो पुन्हा कठड्यावर आला. या वेळी खांब क्षणभर रेंगाळला आणि मग पडला. बॅगवाला धावत गेला, गुडघ्याशी वाकला, परत येऊन त्यानं बॅग बाकावर आदळली. तिची चेन उघडीच होती. आतून डावपेच मांडायची एक चुंबकी फळी डोकावली आणि गार फवाऱ्याचा डबा घरंगळत कठड्यापर्यंत आला.

भोंग्यानं तो उचलला. झाकणावरचं प्लास्टिकचं सील जसंच्या तसं होतं.

"अरे, याचं तर सी..."

चिमटीनं त्याच्या तोंडावर हात दाबला आणि टाचणीनं डबा बॅगवाल्याला नम्रपणे परत दिला. "काका, तुमचं औषध."

"शहाणी मुलगी," बॅगवाला म्हणाला.

मॅच जिंकूनही टोपीवाले सर खांबाला झापत होते. "उशीर का केलास? टॉवेल दिसला की पडायचं! विचार करायला मी आहे ना?"

खांब मान खाली घालून उभा होता. टाचणीला त्याची अजिबात दया आली नाही.

घड्याळकाकांचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि भिंतभर घड्याळं. काका डोळ्याला भिंग लावून एका बारीक चाकाशी झटत होते. टाचणीनं वहीतली मिनिटं वाचली, टॉवेलचं सांगितलं, सीलचं सांगितलं.

"डबा नवा असेल," काका मान वर न करता म्हणाले. "टॉवेल कोणीही कुठेही टाकतो. हे बघ बाळ, मी स्वतः न पाहिलेलं लिहीत नाही."

"मग दादाची ओळ काय पाहून लिहिलीत?"

चाक चिमट्यातून निसटलं आणि टेबलाखाली गेलं. ते शोधायला तिघंही वाकली नाहीत. काकांनी भिंग काढलं. टाचणीनं दादाच्या हाताच्या एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवलं. काकांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघितली. भिंतभर टिकटिक चालू होती.

"फायनलला मीच पंच आहे," शेवटी ते म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही फक्त एक करा. खांब पडला की बॅग स्वतः उघडून बघा."

"बघू," काका म्हणाले. पण या वेळी त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता.

बाहेर पडल्यावर चिमटी म्हणाली, "त्यांचे पिवळे टॉवेल आमच्याकडेच धुवायला येतात. सहा आहेत. उद्या द्यायचेत."

"चोरायचा?" भोंग्यानं अर्ध्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं.

"छे! पाच उद्या पोचवायचे, सहावा मॅचच्या दिवशी. अगदी त्यांच्या बाकापाशी नेऊन!"

फायनलला दादा यायला तयार नव्हता. टाचणी त्याला म्हणाली, "वही धरायला ये. मला आज दोन्ही हात लागणार आहेत." तो आला, पण टोपी नाकापर्यंत ओढून कठड्याच्या कोपऱ्यात बसला. दोघा पोरांनी जाता जाता "नाटक्या!" म्हटलंच. टाचणीनं त्यांचे चेहरे लक्षात ठेवले.

गोलमध्ये भोंगा होता. दादाचे हातमोजे त्याला मोठे होत होते. "या रे, या! मारा!" असा त्याचा आरडाओरडा मात्र दादापेक्षा तिप्पट! गोफणनं बाराव्या मिनिटाला एक आणि तेविसाव्याला दुसरा गोल ठोकला. दोन शून्य!

सव्विसाव्या मिनिटाला टोपीवाल्या सरांनी टॉवेल कठड्यावर टाकला. बॅगवाला उठला. खांब पडला. काका बघायला निघाले, पण सर आडवे आले. "पंचसाहेब, एक मिनिट, हा बदली खेळाडूचा कागद..." काका कागद वाचत राहिले. ते वळले तोवर बॅग बंद झाली होती आणि खांब उभा होता. पुढच्या दहा मिनिटांत दोन शून्यचं दोन एक झालं.

"काका बघणार होते ना?" चिमटी चिडली.

"बघतील," टाचणी म्हणाली. तिनं दात आवळले होते. "आता त्यांना बघावंच लागेल असं करू. टॉवेल तयार ठेव. पण मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

उत्तरार्धात ती थांबून राहिली. गोफणचा एक बॉल गोलच्या दांड्याला लागून गेला, तरी ती थांबली. मॅच संपायला चार मिनिटं होती. आपल्या पोरानं गोलपुढे समोरच्याचा पाय ओढला आणि काकांनी ठिपक्याकडे बोट दाखवलं.

पेनल्टी! त्यांची! गोल झाला तर बरोबरी.

सगळं मैदान भोंग्याच्या गोलकडे बघू लागलं. टोपीवाले सर पुढे झुकून नखं खात होते. टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता. दुसऱ्या टोकाला खांब एकटाच उभा होता. पेनल्टी बघताना पोराची नजर सवयीनं अधूनमधून बाकाकडे वळत होती.

"आत्ता!" टाचणी म्हणाली.

चिमटीनं सरांच्या पाठीमागे कठड्यावर पिवळा टॉवेल पसरला. धुतलेला, इस्त्रीचा, घडी न मोडलेला.

आधी बॅगवाला उठला आणि पळत सुटला. मग खांबानं गुडघा धरला आणि तो कोसळला. त्याच्यापासून पन्नास पावलांत माणूस नव्हतं.  मग कुणीतरी फिसकन हसलं.

"आत्ता नाही, गाढवा!" टोपीवाले सर ओरडले. "ऊठ! मी टॉवेल टाकलाच नाहीये! ऊठ!"

त्यांचा आवाज चारही कोपऱ्यांना गेला. घड्याळकाकांनी पेनल्टी थांबवली. ते सरळ बाकापाशी चालत आले. कठड्यावर टॉवेल, सरांच्या खांद्यावर टॉवेल. काकांनी दोन्हीकडे बघितलं.

"टॉवेल टाकला असता तर काय झालं असतं, सर?"

 काकांनी बॅगवाल्याला हाक मारून परत बोलावलं, बॅग उघडली. एक चुंबकी फळी. अकरा लाल चकत्या, अकरा निळ्या. एक न उलगडलेलं बँडेज. फवाऱ्याचा डबा. काकांनी सीलवरून अंगठा फिरवला, दोनदा.

"किती वेळा वापरलंत हे?"

"दर... दरवेळी," बॅगवाला म्हणाला. लगेच आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

चौकशी लांबली. तेवढ्यात टाचणी दादाजवळ पोचली आणि तिनं वही त्याच्या मांडीवर आपटली. "त्यांचा आठ नंबर. तीन पेनल्ट्या, तिन्ही डावीकडे, खाली. भोंग्याला हे माहीत नाही. जा!"

"मी कशाला? तू सांग."

"मी गोलकीपर नाही!"

दादानं पानाकडे बघितलं, मग भोंग्याकडे. भोंगा आता ओरडत नव्हता, मोठ्या हातमोज्यांत नुसता उभा होता. दादा उठला. गोलच्या मागे, जाळीबाहेर जाऊन उभा राहिला आणि प्लास्टरचा हात हलवत हलक्या आवाजात समजावू लागला. भोंगा मान डोलवत होता. ज्या सुट्टीवर समोरच्यांनी सगळी स्पर्धा काढली, तीच सुट्टी आज त्यांच्या पेनल्टीला लागली होती. टाचणीला त्याचा मनापासून आनंद झाला.

काकांनी टोपीवाल्या सरांना मैदानाबाहेर काढलं, खांबाला पिवळं कार्ड दाखवलं आणि शिट्टी वाजवली. आठ नंबर सात मिनिटं ताटकळला होता. त्यानं बॉलकडे बघितलं, भोंग्याकडे बघितलं, परत बॉलकडे. मारला!

डावीकडे. खाली.

भोंगा आधीच तिथे पसरला होता. बॉल छातीवर आदळला आणि त्यानं तो दोन्ही हातांनी कवटाळला. त्यानं जी आरोळी ठोकली, ती म्हणे लाँड्रीपर्यंत ऐकू गेली!

दोन एक. चषक आपला!

बक्षिसांच्या आधी घड्याळकाका अहवालाची जाडी वही आणि फळ्यावरचा कागद घेऊन सगळ्यांसमोर उभे राहिले. "या स्पर्धेत एक ओळ मी न बघता लिहिली," ते म्हणाले. "या मुलाची बोटं मोडली होती आणि मी त्याला नाटकी म्हटलं. चूक माझी." मग ते टाचणीकडे वळले. "तुझी लाल पेन्सिल दे."

दादासमोर त्यांनी ओळ दोन्हीकडे खोडली आणि खाली सही केली. आजच्या अहवालात तीच ओळ खांबाच्या संघाखाली आली, सरांच्या हुद्द्यासकट. मघाची दोन पोरं पहिल्याच रांगेत होती. टाचणी त्यांच्याकडे बघत राहिली, त्यांनी मान खाली घालेपर्यंत.

"इतकी चोख वही मी मोठ्यांच्या स्पर्धेतही पाहिली नाही," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी नोंदी हीच मुलगी ठेवेल!" टाळ्या पडल्या. गर्दीतून चिमटीची आई म्हणाली, "शाबास! पण माझा सहावा टॉवेल कुठे आहे?"

निघताना खांब फाटकापाशी उभा होता.

"मागच्या महिन्यात माझा गुडघा खरंच दुखत होता," तो दादाला म्हणाला. "सर म्हणाले, टॉवेल टाकलेला नाही, ऊठ."

दादा काहीतरी बोलणार होता. टाचणी मध्ये आली.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," खांब म्हणाला.

टाचणीनं वही उघडली, आजच्या तारखेखाली पडण्याचं मिनिट लिहिलं आणि पुढे आकडा टाकला : सात. मग तिनं भोंग्याच्या हातातले मोजे ओढून काढले आणि दादाच्या खांद्यावर टाकले. या वेळी दादानं ते परत दिले नाहीत.