नऊ भोयांची हजेरी

तुम्ही तो कागद दाबलात.

न्यू जर्सीतल्या त्या लायब्ररीच्या ट्रस्टी लोकांनो, तुम्हालाच म्हणतोय. लायब्ररीचं नाव लिहीत नाही, तुमच्या वकिलाचं पत्र माझ्या टेबलावर पडलंय. पण घडलं ते घडलं. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. ज्याला दात काढायचे असतील त्याने इथूनच परत जावं.

११ फेब्रुवारी १९८६. मंगळवार. दुपारचे अडीच. बाहेर बर्फ.

वसुधामावशी आणि गुरुदत्तकाका वेस्ट विंडसरला राहायचे. काका केमिस्ट. मावशीला आजोबांनी मोडी शिकवलेली, म्हणून लायब्ररीने तिला कामावर घेतलं. काम काय, तर कॅप्टन थॉर्नलीच्या पेट्यांची यादी टाईप करायची.

हा थॉर्नली म्हणजे कंपनी सरकारच्या फौजेतला गोरा अधिकारी. तोंडात चिरूट, हातात छडी, मेण्यात बसून दख्खनभर हिंडला, प्रवासवर्णनं लिहिली, विलायतेत नाव कमावलं. म्हातारा होऊन गादीवर मेला. नातवाने त्याचे कागद अमेरिकेत आणले. आता त्याच्या थोर आयुष्याचं प्रदर्शन भरणार होतं.

त्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा पुराचा. 'माझे नऊ भोई मेणा टाकून पळाले. भित्री जात. मी एकटा पोहून पार झालो.'

त्या दिवशी मावशीचा साहेब, मिस्टर कार्व्हर, खाली बेसमेंटमध्ये आला.

"वसुधा, यादी चारला प्रिंटरकडे जाणार. काय राहिलंय?"

"एक मोडी कागद. भोयांची हजेरी. नऊ नावं आहेत."

"हमालांची नावं कोण वाचतंय? 'किरकोळ देशी कागद' लिही आणि मोकळी हो."

"मी वाचतेय ना! टाईपही मीच करणार."

"चारपर्यंत," एवढं म्हणून तो हसत वर गेला.

मावशी हट्टाला पेटली. छापील यादीत ही नऊ नावं गेलीच पाहिजेत.

मोडीत शब्द सुटे नसतात. ओठांवर घेतल्याशिवाय लागत नाहीत. म्हणून ती मोठ्याने वाचायला लागली.

"सटवा बिन मालू."

टाईप केलं. आणि...

"जी."

आवाज मागून आला. अगदी हलका. मागे फक्त भिंत होती.

पाईप वाजला असेल, असं म्हणून तिने दुसरं नाव वाचलं.

"जी."

हा आवाज वेगळा. म्हातारा, खोकणारा.

मग वास आला... चिरुटाचा. त्या खोलीत काडी ओढायलाही बंदी होती.

तिसरं नाव. "जी." चौथं. "जी."

फोन वाजला. काका होते.

"वसू, स्नो वाढतोय. उरलेलं कॅन्सल कर आणि निघ."

"पाचच नावं राहिलीत रे."

"बरं. पण तिथे बूट कोण आपटतंय एवढं?"

खोलीत ती एकटीच होती.

फोन ठेवला... आणि तिलाही ऐकू आलं.

टाचांचे बूट. कपाटांच्या रांगेतून. सावकाश.

पाचवं नाव. टेबलावर फाडकन छडी बसली.

छडी दिसली नाही. कागदांची चवड मात्र उडाली.

दुसरी कोणी असती तर पळाली असती. मावशी सहावं नाव वाचून मोकळी झाली. सातवं. आठवं. दर नावाला मागून "जी", दर नावाला छडी. प्रत्येक वेळी हाताच्या आणखी जवळ.

नववं नाव. छडी मनगटावर बसली. कातडी फुटली.

"जी," मागून आलं. हा तर पोरगेला आवाज होता.

तिने कागद उलटला. मागे कारकुनाचा एकच शेरा होता.

'साहेबांचे हुकुमावरून पुरात उतरले. साहेब पार. नऊही असामी मयत.'

मेलेल्याचं नाव घेताना आपण आधी 'कैलासवासी' म्हणतो. उगाच नाही म्हणत. तिने पाठचं न बघता जिवंत माणसांसारखी हजेरी पुकारली होती.

आणि नऊ जण हजर झाले होते.

कानाशी गरम श्वास. चिरुटाचा. गोऱ्या साहेबी उच्चारात एकच शब्द...

"चूप."

मावशी कोटही न घेता पळाली.

दुसऱ्या दिवशी तिने टाईप केलेलं पान पाहिलं. एक ते नऊ आकडे होते. पुढे कोरं. पेटीत मोडी कागद नव्हता. कार्व्हर म्हणाला, असा कागद नव्हताच. यादीत छापून आलं, 'किरकोळ देशी कागद'. आठवड्यात मावशीची नोकरी गेली.

मनगटावरचा वळ राहिला.

आठ नावं तिच्या डोक्यातून पुसली गेली. एकच उरलं. सटवा बिन मालू.

परवा मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "हजेरी घेतली की सुट्टीही द्यावी लागते रे. मी त्याला रोज सांगते, सटवा, जा बाबा आता."

"मग?"

"जी म्हणतो. पण जात नाही. बाकीचे आठ नावांवाचून तिथे लायब्ररीत अडकलेत, त्यांना टाकून हलत नाही."

हे ती बोलत असताना त्यांच्या घराच्या जिन्यात कोणीतरी पाय बदलून उभं राहिलं. मी ऐकलं.

आणि तुमच्या प्रदर्शनातली पाटी त्याला पळपुटा म्हणते.

ट्रस्टी लोकांनो, बाकीची आठ नावं कुठे आहेत? वकील पाठवू नका. उत्तर द्या.