पाच नंबरच्या सपाता

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मला खोटं पाडायला आता कुणी उरलेलं नाही. हे गेले, सासूबाई गेल्या. उरली एक माझी मुलगी, आणि ती तेव्हा सहा वर्षांची होती.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीचे ते तीन दिवस जसेच्या तसे आठवतात. त्या फरशीचा गारवासुद्धा माझे तळपाय विसरलेले नाहीत.

एक आधीच सांगते. यात मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. जे झालं ते उन्हात झालं, आणि उरलेलं दिवस मावळताना.

आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे. दरवर्षी फळ्यावर बेट काढायचे आणि घरी येऊन चिडायचे. "चहूबाजूंनी पाणी, चहूबाजूंनी पाणी! पोरं विचारतात, सर तुम्ही बेट पाहिलंय का? काय सांगू?"

सासूबाई म्हणायच्या, "पाण्यासाठी एवढा खर्च कशाला? बादलीत मीठ टाक, मधे पाट ठेव, बस त्याच्यावर."

शेवटी एका सुट्टीत जायचं ठरलं. लाँच कंपनीनं हॉटेलांचं एक पत्रक दिलं होतं. त्यात तीन नावं. पहिल्याला कारंजं होतं. हे म्हणाले, "नको बाई. तिथे दारवानच आपल्यापेक्षा चांगले कपडे घालत असेल." दुसरं धक्क्याजवळ होतं, बरं होतं. तिसऱ्याच्या खाली एकच ओळ होती.

"सात खोल्या. दार थेट वाळूत उघडते."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अहो, हेच घेऊ या."

"अगं, ते बेटाच्या पार टोकाला आहे."

"असू दे. उठलं की समोर समुद्र!"

निवड माझी होती. हे लक्षात ठेवा.

हॉटेल साधंच होतं, पण स्वच्छ. एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. एका टोकाला रस्त्याकडचं दार, दुसऱ्या टोकाला समुद्राकडचं. मालकीणबाई उंच, वाळलेल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हसताना मी त्यांना पाहिलं नाही.

त्यांनी आम्हाला समुद्राकडच्या दारापाशी नेलं. तिथे लाकडी मांडणी होती. सात फळ्या, प्रत्येकीवर खोलीचा नंबर, आणि फळीवर रबरी सपाता.

"वाळूत जाताना या घालायच्या," त्या म्हणाल्या. "परत आलात की नळावर पाय धुवायचे, सपाता आपल्या फळीवर ठेवायच्या, आणि अनवाणी आत यायचं. दिवस मावळला की मी सपाता मोजते आणि दाराला कडी घालते. सपाता आल्या म्हणजे माणसं आली."

"हजेरीच की!" हे हसले. मास्तरांना ते फार आवडलं.

आमची खोली पाच नंबरची. मी फळीकडे पाहिलं.

दोन मोठे जोड. आणि दोन लहान.

"आम्ही तिघंच आहोत," मी म्हटलं.

"तीनच ठेवलेत."

"हा चौथा..."

त्यांनी पाहिलं. चेहरा हलला नाही, पण जुडग्यावरचा हात आवळला. मागचा लहान जोड त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि नेला.

त्यातून पाणी ठिबकत होतं...

त्या आठवड्यात त्या हॉटेलात आमच्याशिवाय एकही पाहुणा नव्हता.

माझ्या मुलीला आम्ही ठकी म्हणायचो. लाकडी बाहुलीसारखी गोल डोळ्यांची होती. तिला डावं-उजवं कळायचं नाही, चपला कायम उलट्यापालट्या. म्हणून मी माझ्या शिवणाच्या डबीतला पांढरा दोरा काढला आणि तिच्या डाव्या सपातेच्या पट्ट्याला गुंडाळून घट्ट गाठ मारली.

"दोरा दिसला की डावा पाय. कळलं?"

"कळलं," म्हणाली, आणि उजवा पाय घातला.

पहिला दिवस मजेत गेला. यांनी वाळूत काठीनं अख्खा नकाशा काढला, मग भरती आली आणि नकाशा पुसून गेली. "बघा, पृथ्वी पुन्हा कोरी," म्हणाले. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून हे घोरत होते. ठकी माझ्या कुशीत होती. बाहेर रणरणतं ऊन. बोळात चिटपाखरू नाही.

आणि आवाज आला.

चपाक... चपाक... चपाक...

ओल्या सपातांचा आवाज. लहान पावलांचा.

समुद्राकडच्या दारापासून तो सावकाश येत होता. एक नंबर... दोन... तीन...

आमच्या दाराशी थांबला.

मी ठकीकडे पाहिलं. मला वाटलं होतं झोपली असेल. ती दाराकडे बघून हसत होती.

मी उठून दार उघडलं.

कुणी नव्हतं. फरशीवर ओली पावलं होती, समुद्राकडून आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेली.

परत गेलेली नव्हती.

"कोण होतं गं?" मी ठकीला विचारलं.

"ती."

"कोण ती?"

"तिला आत राहायचंय. पण तिची आई कडी लावते."

यांना सांगितलं तर म्हणाले, "मोलकरणीची पोर असेल. तू पण ना, राईचा पर्वत करतेस." मीही स्वतःला तेच समजावलं. माणूस सुट्टीवर आला की घाबरायलाही तयार नसतो. एवढी हौसेनं आलेली सुट्टी, ती कोण मोडणार?

तिसरा दिवस.

दुपारी चहा झाल्यावर हे परतीच्या लाँचची वेळ विचारायला धक्क्यावर गेले. रस्त्याकडच्या दारानं, आपले बूट घालून. मी आणि ठकी खोलीत. मी जरा पडले. समुद्राची हवा, डोळा कधी लागला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन तांबडं झालं होतं.

शेजारी ठकी नव्हती.

मी बोळात आले. मालकीणबाई मांडणीसमोर उभ्या होत्या. मोठ्यानं म्हणत होत्या, "पाच नंबर... एक, दोन, तीन. आले." आणि त्यांनी कडी सरकवली. त्या लोखंडाचा आवाज अजून माझ्या दातांत आहे.

"माझी मुलगी पाहिलीत?"

"आतच असेल. सपाता आल्यात."

मी हाका मारल्या. न्हाणीघर पाहिलं. पलंगाखाली वाकले. मालकीणबाईंनी एकेक खोली उघडून दाखवली. सगळ्या रिकाम्या, सगळ्या गाद्या गुंडाळलेल्या.

"लपली असेल," त्या म्हणाल्या. "लहान मुलं लपतात."

मी पुन्हा मांडणीपाशी आले. पाचवी फळी. यांचा जोड. माझा जोड. एक लहान जोड.

लहान जोड...

मी खाली वाकले.

दोरा नव्हता.

डाव्या पट्ट्यावर नव्हता, उजव्यावर नव्हता. मी हात लावला. रबर बर्फासारखं गार होतं, आणि माझी बोटं ओली झाली.

त्या माझ्या ठकीच्या सपाता नव्हत्या. ठकीच्या बाहेर होत्या. ठकीच्या पायात.

"कडी काढा!"

"नाही." मालकीणबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "एकदा घातली की काढत नाही."

"माझी पोर बाहेर आहे!"

"मोजल्यात मी. तीन आहेत. तीन आहेत ना?"

तेवढ्यात दारावर थाप पडली.

खालच्या बाजूला. लहान मुलाचा हात पोचेल तिथे.

ठप... ठप... ठप...

"वारा आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. "रोज असतो."

मी जन्मात कुणावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी त्या बाईला दंडाला धरून बाजूला ढकललं आणि कडी ओढली.

दारात कुणी नव्हतं.

पण बाहेर पाऊल टाकताना माझ्या गुडघ्याला काहीतरी ओलं घासून गेलं.

आत गेलं.

मी मागे वळून पाहिलं नाही. भरती चढत होती. समोर पाण्यात, कमरेइतक्या खोल, माझी ठकी उभी होती. तोंड समुद्राकडे. एक हात बाजूला लांबवलेला, जरासा खाली... कुणाचा धरलेला हात नुकताच सुटावा तसा.

आणि ती पुढे चालत होती.

मी कशी धावले, किती पाणी प्यायले, सांगता येत नाही. तिच्या फ्रॉकचा पट्टा हातात आला एवढंच आठवतं. काठावर आणून आपटली तशी रडायला लागली. पायात सपाता नव्हत्या. लाटेनं नेल्या.

"कुठे चालली होतीस गं?"

"ती म्हणाली, माझ्या सपाता तुझ्या जागी ठेवून येते. मग तुला कुणी हाक मारणार नाही."

तिला खांद्यावर घेऊन मी दारात आले. मालकीणबाई फरशीवर बसल्या होत्या. आपणहून बोलायला लागल्या, जणू मी पुष्कळ वेळ तिथेच होते.

"माझीही सहा वर्षांची होती. त्या दिवशी अनवाणीच बाहेर गेली. मी सपाता मोजल्या. बरोबर होत्या. कडी घातली. मग दार वाजत होतं... मला वाटलं, वारा."

ठकीचे दात वाजत होते. मी तिला टॉवेलात गुंडाळलं. हे आले, सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदाच राईचा पर्वत म्हणाले नाहीत.

सकाळी निघताना मालकीणबाई रस्त्याकडच्या दारापर्यंत आल्या. माझा हात धरला.

"बाई, काल तुम्ही कडी काढलीत, तेव्हा आत कुणी आलं का हो?"



"नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले. लाँच चुकवायची नव्हती मला.

त्यानंतर आम्ही कधी समुद्रावर गेलो नाही. यांनी वर्गात बेट शिकवताना कधीही 'मी पाहिलंय' असं सांगितलं नाही. ठकीला यातलं काही आठवत नव्हतं, आणि मी आठवू दिलं नाही.

आता हे सगळं आज का लिहिते आहे ते सांगते.

ठकी आता छप्पन्न वर्षांची आहे, स्वतः आजी झाली आहे. तिची नात सहा वर्षांची. माझी पणती. तिला सुट्टी आणि तिच्या आईबापांना कामं, म्हणून आजी-नात दोघींनीच बेटावर जायचं ठरवलं. मागच्या रविवारी ठकी माझ्याशेजारी बसून फोनवर हॉटेल बघत होती.

"आई, हे मिळालं बघ. साधंच आहे, पण दार थेट वाळूत उघडतं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

नाव वेगळं होतं, रंग नवा होता. मी म्हटलं, फोटो दाखव. खोल्या, बोळ... मग समुद्राकडचं दार. बाजूला मांडणी.

"मोठं कर."

तिनं बोटांनी मोठं केलं. सात फळ्या. पाचवीवर एकच जोड. लहान. डाव्या पट्ट्यावर काहीतरी पांढरं गुंडाळलेलं होतं.

मी मारलेली गाठ मी ओळखते. सगळी हयात शिवणात गेली आहे माझी.

त्या संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. जे आत्ता तुम्हाला सांगितलं तेच. ती आधी हसली. "आई, पन्नास वर्षं रबर टिकतं होय?" मग फोन उचलून झोपायला गेली.

सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, तिचा पुढचा दात पडलेला होता का गं?"

मी दाताचं काही सांगितलंच नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

"दुसरं हॉटेल बघ," मी म्हटलं. "पाया पडते तुझ्या."

"नाही आई. मला तिथेच जायचंय." ती इतक्या शांतपणे म्हणाली, की मला तिचा तो लांबवलेला हात आठवला.

हे असते तर काहीतरी बोलले असते. माझं एकटीचं कोण ऐकतं? पोरीला तरी ठेवून जा म्हटलं, तर पणतीनं भोकाड पसरलं. तिची नवी बादली, नवं फावडं, सगळं तयार आहे.

शुक्रवारी सकाळची लाँच आहे. मी पण जाते आहे.

"तुला समुद्र आवडत नाही ना?" ठकी म्हणाली. "आणि तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना काय, दाराशी बसायचंय नुसतं."

माझी पिशवी भरून झाली. मी काय करायचं ते पक्कं आहे. सपाता मोजणार नाही, पोर मोजीन. दर घटकेला हाक मारीन. आणि दिवस मावळला तरी त्या दाराला कडी घालू देणार नाही, मग कुणी काही म्हणो.

पण काल दुपारी घरात सगळे झोपलेले असताना एक विचार आला, आणि तेव्हापासून डोळा लागलेला नाही.

दार उघडं ठेवलं, की माझी पोर आत येईल.

आणि तिच्या हाताला धरून...?