पांढऱ्या कड्याचा स्कोप

ओर्वो हापालाच्या उजव्या खांद्यात डॉक्टरांनी नवा सांधा बसवला आणि बजावलं, की यापुढे खांद्याला रायफल लावायची नाही. ओर्वोने नुसती मान डोलावली. हापाला मंडळी डॉक्टरांशी वाद घालत नाहीत. खरं तर ती कुणाशीच फारसं बोलत नाहीत. या घराण्यात तोंड उघडलं जातं ते मांस-बटाटा भरलेली पॅस्टी खायला, नाहीतर सॉनाच्या तापल्या दगडांवर पाणी ओतल्यावर ‘हुश्श’ करायला.

पण पंधरा नोव्हेंबरला, हरणांचा मोसम उघडतो त्या सकाळी, मचाणावर बसायचं नाही ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना. बेचाळीस वर्षं तो आणि धाकटा भाऊ तोइमी वडलांनी बांधलेल्या दोन मचाणांवर बसत आले होते. मचाणं समोरासमोर, मध्ये सीडरची दलदल, अंतर एकशेचाळीस पावलं. दोन्ही कठड्यांवर वडलांनी लाल रंगाच्या दोन-दोन खुणा करून ठेवल्या होत्या. त्या दोन खुणांच्या मध्ये नळी न्यायची नाही, कारण तिकडे भाऊ बसलेला असतो. आणि वडलांचा दुसरा नियम असा, की पाहायचं ते गळ्यातल्या दुर्बिणीतून. बंदुकीवरच्या स्कोपला डोळा लावायचा तो समोर हरीण आहे याची खात्री पटल्यावरच.

रायफल नाही तर शिकारीचं पिस्तूल, असं ठरवून ओर्वो क्लेम ट्रेव्हॅरोच्या दुकानात गेला. क्लेमचे आजे-पणजे इथल्या तांब्याच्या खाणीत उतरायचे. खाण बंद पडली तशी त्याच्या बापाने बंदुकांचं दुकान टाकलं होतं. पिस्तुलाबद्दल दुमत नव्हतं. मध्ये मोडून एकच काडतूस भरायचं, हातभर नळीचं. प्रश्न होता काडतुसाचा. ओर्वोच्या मनात चव्वेचाळीस मॅग्नम होतं.

“घे की,” क्लेम म्हणाला. “हरीण पडेल, नि बरोबर तुझं मनगटही पडेल. मग पुढच्या वर्षी गोफण घ्यायला ये.”

त्याने थर्टी-थर्टीची नळी काढून दिली. वडलांच्या रायफलीचं हेच काडतूस. त्या रायफलीत काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्या गोळीचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकतं, म्हणून गोळी बोथट लागते. पिस्तुलात एकटंच काडतूस, तेव्हा टोकदार गोळी भरली तरी चालते, आणि ती शंभर पावलांपुढेही सरळ जाते. दणका सोसवेल एवढाच. काडतुसं ओर्वो घरीच भरणार होता.

स्कोपचं मात्र अडलं. रायफलीच्या स्कोपला डोळा चार बोटांवर आणावा लागतो. पिस्तूल धरायचं हात लांब करून, म्हणून त्याला लांबूनही पूर्ण चित्र दाखवणारा स्कोप लागतो, आणि दुपटीहून जास्त मोठं दाखवणारा नको. जास्त मोठं दाखवणाऱ्यात आपल्याच छातीचे ठोके हरणावर नाचताना दिसतात. नवे होते ते ओर्वोला पसंत पडेनात. शेवटी क्लेमने खालच्या खणातून एक जुना डबा काढला.

स्कोप छोटा, जड, पुढच्या तोंडाला पांढऱ्या रंगाचं कडं. कुणा विधवेने आणून दिला होता. नवरा भारी नेमबाज, पण एका मोसमानंतर त्याने बंदुकीला हात लावला नाही म्हणे. डब्यात त्याचं कार्ड होतं. बारीक, रेखीव अक्षरात तारखा, काडतुसातल्या दारूचं वजन, निशाणापर्यंतची पावलं. शेवटची ओळ होती, “१५ नोव्हेंबर. ९० पावलं. नर, आठ टोकांची शिंगं.” ती ओळ पेनाने इतक्यांदा खोडली होती, की कार्ड तिथे फाटलं होतं.

ओर्वोने हात लांब करून नुसता स्कोपच खिडकीबाहेर धरला. काच स्वच्छ होती. रस्त्यापलीकडे पेट्रोल पंपाशी एक हरिणी उभी होती. त्याने स्कोप खाली केला तर तिथे पोस्टातली मार्लीस गाडीत पेट्रोल भरत होती. हरिणी टाकीमागे गेली असेल, असं त्याला वाटलं. या गावात हरणं चर्चच्या पायऱ्यांवरही सापडतात.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्कोप घेऊन बसला. परसातल्या सफरचंदाखाली एक हरिणी मागच्या दोन पायांवर उभी राहून फळं ओढत होती. ऑक्टोबरात त्या तसं करतातच. बायकोला दाखवावं म्हणून त्याने “इर्या” अशी हाक मारली, तशी हरिणीने कान टवकारून खिडकीकडे पाहिलं.

त्याने स्कोप टेबलावर ठेवला. झाडाखाली इर्या टोपली घेऊन उभी होती.

“काय रे?” ती तिथूनच म्हणाली.

“काही नाही.”

गेल्याच वर्षी त्याचा मोतीबिंदू काढला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवं, असं त्याने मनाशी म्हटलं आणि पिस्तुलावर स्कोप चढवायला घेतला. एवढं झाल्यावर कुणीही शहाणा थबकला असता. पण मोसम तीन आठवड्यांवर आला होता, आणि शिकाऱ्याचं शहाणपण ऑक्टोबरअखेर संपतं.

रविवारी दोघे भाऊ नेम बसवायला रेतीच्या जुन्या खाणीत गेले. तोइमीने पिस्तूल बघून आधी टर उडवली. हे खेळणं नातवाचं का, म्हणाला. मग ओर्वोच्या तीन गोळ्या वाटीएवढ्या जागेत बसल्या, तसा तो गप्प झाला आणि पिस्तूल उलटसुलट करून पाहत राहिला. निशाणाचा कागद बदलायला तोच समोर चालत गेला. माणूस पुढे असला की नळी मोडून ठेवायची आणि हात मांडीवर. ओर्वोने नळी मोडून ठेवली. ठेवली होती, हे तो पुढे स्वतःला हजारदा सांगणार होता.

मग नवा कागद सरळ लागलाय का, एवढंच बघायला तो वाकला. दुर्बीण गळ्यात होती. डोळा मात्र स्कोपमागे गेला.

कागदाजवळ नर उभा होता. आठ टोकांची शिंगं, फुगलेली मान. त्याने वळून सरळ ओर्वोकडे पाहिलं. त्याच्या ओठांत काहीतरी चकाकत होतं.

ओर्वोने मान वर केली. तोइमी ओठांत टाचण्या धरून कागद ठोकत होता.

ओर्वोचं बोट चापावर होतं. घोडा मागे ओढलेला होता, नळी मिटलेली. त्याने ती मोडली तेव्हा आतून टोकदार गोळीचं काडतूस बाहेर आलं. ते आपण कधी भरलं हे त्याला काही केल्या आठवेना. तो खडीच्या ढिगामागे जाऊन ओकला.

“पॅस्टी बाधली का?” तोइमीने विचारलं.

“बाधली,” ओर्वो म्हणाला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘तू मला हरीण दिसलास,’ एवढी चार शब्दांची गोष्ट. पण भावाला असलं काही सांगायचं म्हणजे हापालांच्या जिभेला गाठच पडते. स्कोप हातोड्याखाली घालावा असंही त्याच्या मनात आलं. पण धडधाकट वस्तू फोडायची हेही या घरात शिकवलेलं नव्हतं. सोमवारी त्याने तो पुसून, डब्यात घालून, कार्डासकट क्लेमला परत दिला.

“का रे?”

“डोळ्याला बसत नाही.”

 बदल्यात क्लेमने नवा स्कोप बसवून दिला. त्यातून हरीण हरणासारखं दिसत होतं आणि इर्या इर्यासारखी. ओर्वोला त्या आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली.

पंधरा नोव्हेंबरच्या पहाटे बर्फ पडून थांबला होता. कॅबिनमध्ये कॉफी पिताना तोइमी गालातल्या गालात हसत होता. आज तुला एक गंमत दाखवतो, एवढंच म्हणाला. त्याची रायफल खुंटीवरच होती आणि पाठीवर नेहमीपेक्षा आखूड पिशवी. ओर्वोने ते पाहिलं, पण विचारलं नाही. दोघे दोन वाटांनी निघाले.

उजाडलं. सीडरवरून बर्फ ठिबकत होता. ओर्वोने सवयीने दुर्बीण उचलून समोरच्या मचाणावर लावली. नारिंगी टोपी, नारिंगी कोट. तोइमी कठड्यावर हात टेकून बसला होता, दोन्ही हात लांब केलेले.

त्याच्या हातात पिस्तूल होतं.

पिस्तूल दोन लाल खुणांच्या बरोबर मध्ये होतं. वर एक छोटा स्कोप. त्याच्या तोंडाला पांढरं कडं.

ओर्वोने टोपी काढून डोक्यावर हलवली. तोइमीची मान आणखी खाली झुकली.

मग ओर्वोने हाक मारली. आयुष्यात एवढ्या मोठ्याने तो कधी ओरडला नव्हता. भावाचं नाव दलदलीवरून घुमत गेलं. तोइमीचा अंगठा पिस्तुलाचा घोडा ओढायला सरकला.

ओर्वोने नव्या खांद्यासकट स्वतःला फळ्यांवर झोकून दिलं.

गोळीचा आवाज नंतर आला. आधी पाठीमागच्या फळीचा ढलपा त्याच्या मानेवर पडला.

तो पडून राहिला. खाली बर्फात कुणीतरी धडपडत येत होतं.

“पडलं वाटतं,” खालून तोइमीचा हर्षाने फुललेला आवाज आला. “ओर्वो, काय नर होता! तुझ्या मचाणाच्या अगदी...”

आवाज तिथेच तुटला. ओर्वो कठड्याला धरून उभा राहिला होता. तोइमीने त्याच्याकडे पाहिलं, मग फळीतल्या भोकाकडे, मग कठड्यावरच्या लाल खुणांकडे. तो बर्फात बसला.

“क्लेमने स्कोप स्वस्तात दिला,” तो म्हणाला. “पिस्तूलही तुझ्यासारखंच घेतलं मी. म्हटलं, तुला दाखवावं.”

“मी हाक मारली.”

“तू नाही. तो फुरफुरला. आधी मान झटकली, मग फुरफुरला.” तोइमीचे दात वाजत होते. “तुला माहीत होतं?”

“खाणीत तूही मला हरीण दिसला होतास.”

“मग बोलला का नाहीस?”

 शरमेने ओर्वोचा चेहरा थंडीतही तापला. एक वाक्य त्याने गिळलं होतं, आणि ते भावाच्या हातून त्याच्यावर परत आलं होतं. भावाला उठवावं म्हणून तो शिडी उतरू लागला. शेवटच्या पायरीवर तोइमीने त्याचा बूट धरला.

“थांब. खाली बघ.”

पहाटेच्या बर्फावर कॅबिनकडून एकच वाट आली होती आणि ती शिडीपाशी संपत होती. बुटाचा एकही ठसा तिच्यात नव्हता. दोन-दोन फाकींचे खूर होते, खोल उमटलेले, भारी नराचे.

ओर्वो पहाटे त्याच वाटेने आला होता. मग त्याने हात देऊन तोइमीला उभं केलं. नुकताच तोइमी दलदलीतून ज्या वाटेने आला होता, तिकडे मात्र दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.