मागच्या जीपमधली जागा

सरका जरा शेकोटीकडे. क्वार्टझसाइट गावाबाहेरच्या या वाळवंटात दिवसा कितीही तापलं तरी रात्री हुडहुडी भरते. तो पलीकडे दिवा दिसतोय ना, ते वर्नन टटलचं चाकांवरचं घर. ही गोष्ट त्याचीच.

मघाशी तुमच्यातला कोणीतरी विचारत होता, एवढी घराएवढी गाडी असताना मागे जीप कशाला ओढायची? अरे, दूध आणायला कोणी घर घेऊन जातं का? घर तळावर ठेवायचं, जीप सोडवायची, की दुकान म्हणा, दवाखाना म्हणा, कुठेही जाता येतं. त्यासाठीच ती असते.

ती जोडायचं काम दोघांचं. जीपची चारही चाकं रस्त्यावरच राहतात. गिअर मोकळा केला नाही, तर आतलं सगळं जळून जातं. म्हणून वर्नन घर हातभर पुढे घ्यायचा, आणि त्याची बायको आर्डिस मागे उभी राहून चाकं मोकळी फिरतात का ते बघायची. फिरली की घराच्या पाठीवर दोन थापा. मग निघायचं. जन्मभर असंच चाललं.

दोन वर्षांपूर्वी नेवाडात, टोनोपा गावाच्या अलीकडे मुक्कामाला असताना, पहाटे आर्डिसच्या छातीत कळ आली.

"वर्न, जीप काढतोस?"

"मग घर न्यायला परत यावं लागेल गं. जोडूनच निघू, पाच मिनिटांचं काम. तू फक्त चाकं बघ."

"तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत," ती म्हणाली. पण गेली बिचारी, गाऊनवर कोट चढवून. दोन थापा आल्या, नेहमीपेक्षा हळू.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, तेव्हा सगळं संपलं होतं.

मुलीला, लोर्नाला, त्यानं सांगितलं, "लगेच निघालो होतो गं." तेवढं एक वाक्य त्याला आतून पोखरत राहिलं. जीपकडे बघवेना. शेवटी ती लोर्नालाच देऊन टाकायची ठरवून तो तिच्या गावी, किंगमनला निघाला. जोडली एकट्यानंच, चाकं बघायलाही स्वतःच खाली उतरला.

मागच्या वर्षीचा शुक्रवार, अठरा ऑक्टोबर. टोनोपाच्या अलीकडे अंधारून आलं, वारा सुटला. थांबण्यासारखी जागा एकच होती. तीच. पहाटे निघायचं म्हणून त्यानं जीप सोडवली नाही.

रात्री अडीचला जाग आली. घराच्या पाठीवर दोन थापा.

वारा असेल, म्हणून त्यानं कूस बदलली.

पुन्हा दोन थापा. हळू...

मग घर किंचित हललं. मागचं ओझं सुटल्यावर हलतं, तसं. वर्ननला ते बरोबर कळलं. तो बॅटरी घेऊन उतरला.

मागे जीप नव्हती.

जीप घराच्या दाराशी उभी होती. तोंड रस्त्याकडे. जीप जोडायच्या ओढदांड्याच्या पिना पायरीवर ओळीनं ठेवलेल्या, फडक्यानं पुसून. आर्डिस ठेवायची, तशा. आणि जीपचं उजवं दार, आर्डिस बसायची त्या बाजूचं, उघडं...

"आर्डी?"

वारा पडला.

तो स्टिअरिंगमागे बसला. किल्ली पटकन लागेना. उजवं दार आपोआप मिटलं. त्यानं तिकडे पाहिलं नाही. सबंध रस्ताभर पाहिलं नाही. शेजारी कोणीतरी श्वास घेत होतं. तुटक... दमल्यासारखा...

दवाखान्याचे दिवे दिसले. त्यानं जीप दाराशी लावली.

श्वास थांबला.

"चुकलो गं," तो म्हणाला. तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकून उजाडेपर्यंत रडला. उजाडल्यावर त्यानं लोर्नाला फोन लावला आणि पाच मिनिटांचं सगळं खरं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिनं फोन ठेवला. आजवर केला नाही.

जीप तिनं घेतली नाही, आणि वर्नन आता जीपला हात लावत नाही. किल्ली माझ्याकडे असते. जीप ती काय, त्या झुडपांपलीकडे उभी आहे. आज संध्याकाळी मी तिच्या उजव्या, आर्डिसच्या सीटचा पट्टा या हातानं सोडला आणि कुलूप लावलं. रोजच सोडतो.

जा, ही बॅटरी घ्या. काचेतून बघा फक्त...

पट्टा लावलेला असेल.