मांडीवरचा फोटो

तुमचा विश्वास बसो न बसो, हे घडलेलं आहे. ज्यांच्यासोबत घडलं ते अमीनचाचा आमच्या शेजारी राहायचे. थाप मारली की त्यांचे कानच लाल व्हायचे. ही गोष्ट सांगताना ते पांढरेफटक पडायचे.

गाव जळगाव. साल अडुसष्ट. आणि रात्र नव्हती…

मे महिन्यातली रणरणती दुपार होती.

चाचांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. लहान मुलांचे फोटो काढावेत तर त्यांनीच. रडकं पोरसुद्धा त्यांच्यासमोर हसायचं. मग निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून ते गालावरचे व्रण, पुळ्या सगळं गायब करायचे.

त्या सकाळी कापसाचे व्यापारी अमृतलालशेठ आले. सोबत त्यांची आई हीराबाई, आणि तिच्या कडेवर दोन वर्षांचा लखीचंद.

लखीची आई राजकुंवर थंडीत वारली होती. तेव्हापासून पोर कुठे टेकायचंच नाही. स्टुलावर ठेवलं की घसरायचं, टाहो फोडायचं. चाचांनी खुळखुळा वाजवला, मांजराचा आवाज काढला. काही उपयोग नाही.

"राहू द्या अमीनभाई," हीराबाई म्हणाल्या. "दिवाळीचा फोटो आहे ना तुमच्याकडे? त्यात केवढा हसलाय."

"आहे ना. पण त्यात तो आईच्या मांडीवर आहे."

शेठ खाली बघत बोलले. "तिला काढून टाका. पुढच्या महिन्यात घरात नवीन माणूस येतंय. भिंतीवर पहिलीचा फोटो… बरं दिसत नाही."

हीराबाई नुसत्या नातवाची टोपी सरळ करत राहिल्या.

चाचांच्या जिवावर आलं. पण नाही म्हणवलं नाही.

मंडळी गेल्यावर त्यांनी काचेची ती निगेटिव्ह काढली. राजकुंवर डोक्यावर पदर घेऊन समोर बघत होती. थोडी लाजत. एक हात गुडघ्यावर, एक हात पोराच्या पाठीशी.

चाचांनी ब्रश लाल रंगात बुडवला. निगेटिव्हवर जिथे हा रंग लागतो, तिथे फोटो कोरा पांढरा येतो. आधी त्यांनी तिचा चेहरा झाकला. मग खांदे. मग मांडी.

आता लखीभोवती फक्त पांढरं उरणार होतं. खाली एखादी गादी नंतर रंगवू, असं त्यांनी ठरवलं.

दुपारी बाजार सामसूम झाला. चाचा डार्करूममध्ये शिरले. आतून कडी लावली. खिडकी नसलेली कोंदट खोली. एक मिणमिणता लाल दिवा.

पहिला कागद त्यांनी औषधाच्या पाण्यात सोडला. हळूहळू लखी उमटला. छान आला होता.

फक्त… थोडा खाली आला होता.

कागद तिरका लागला असेल. दुसरा घेतला, नीट बसवला.

लखी छातीपर्यंतच आला. खालचं अंग कागदाच्या बाहेर.

चाचांनी काच उजेडाला धरून पाहिली. पोर जागच्या जागी होतं. काचेवरचं माणूस कसं हलेल?

तिसरा कागद.

पाण्यात फक्त डोकं उमटलं… आणि वर केलेला एक हात.

लखी हसत नव्हता.

चाचांच्या अंगावर काटा आला. ते दाराकडे वळले. कडी ओढली.

निघेना.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार अडकतं. पण हा मे महिना. त्यांनी खांदा लावला. लाथा घातल्या. "अरे, कुणी आहे का?" बाहेरून साधी चाहूलही नाही. खोलीतली हवा संपत आल्यासारखी झाली.

आणि मग… हुंदका ऐकू आला.

लहान मुलाचा. गुदमरलेला.

आवाज दारापलीकडून येत नव्हता. पाण्याच्या ट्रेमधून येत होता.

चाचांच्या लक्षात आलं. मेलेली आई फोटोतून पुसली, आणि पोर खाली खाली चाललंय… धरायला कुणी नाही!

"या अल्ला!" त्यांनी ओला कापूस घेतला आणि काचेवरचा लाल रंग पुसायला लागले. मांडी मोकळी झाली. खांदे. शेवटी चेहरा.

हुंदका थांबला.

त्यांनी आणखी एक कागद काढला. पाण्यात मायलेक उमटले.

पण राजकुंवर आता समोर बघत नव्हती. तिची मान खाली होती. गुडघ्यावरचा हातही पोराभोवती आला होता. दोन्ही हातांनी तिने लखीला घट्ट आवळलं होतं.

मागे कडी खटकन वाजली.

दार आपोआप उघडलं.

चाचा तसेच अनवाणी शेठच्या घराकडे धावले. घराशेजारच्या कापसाच्या गोदामासमोर गर्दी होती. हीराबाईच्या मांडीवर लखी. केसांत, नाकात कापूस. पण श्वास चालू होता.

खेळता खेळता तो गोदामात गेला होता. कापसाच्या ढिगावर चढला आणि आत आत रुतत गेला. चारी बाजूंनी पांढरं…

त्याला बाहेर काढलं वना नावाच्या हमालाने. तो अजून धापा टाकत होता.

"नुसता हात दिसना भाऊ. मी धरा, तं पोऱ्या हलका फूल लागना. जसा खालथून कोन्ही वर दिना." कापसातून फक्त एक हात दिसला, तो धरला तर खालून कुणी वर दिल्यासारखं पोर हलकं लागलं, असं तो अहिराणीत सांगत होता.

चाचांनी तो फोटो शेठच्या हातात ठेवला. शेठ तो घेऊन आत गेले. फोटो भिंतीवर लागला.

गोष्ट इथे संपली असती, तर चाचा निवांत झोपले असते.

पावसाळ्यानंतर शेठची नवी बायको सुंदरबाई एकटीच स्टुडिओत आली. साधी, गरीब स्वभावाची पोर. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"अमीनभाई, त्या भिंतीवरच्या फोटोत मला तिच्या शेजारी बसवता येईल का?"

"का हो बाई?"

"लखी माझ्याकडे येतो. माझ्या हातून जेवतो. पण मांडीवर घेतलं की लगेच उतरतो." तिने आपल्या मांडीकडे पाहिलं. "विचारलं तर म्हणतो, जागा नाही…

तिथे माँ बसलीय."